कपडे बदलायच्या खोलीत काय घडतं?

आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या काही जणी बोलतोय. निम्म्या जणी घोडनदीच्या काठच्या, निम्म्या भीमेच्या. घोड पुढं जाऊन भीमेला मिळते, तशा आम्हीही महिन्यातून एकदा एकत्र बसतो. एरवी आम्ही रेडिओवर कर्जाच्या हप्त्याविषयी, शेळ्यांच्या लसीविषयी, पापड-मसाल्याच्या ऑर्डरविषयी बोलतो. आज एका खोलीविषयी बोलायचंय. त्या खोलीत आपण कधी पाऊल टाकलेलं नाही, पण आपल्या पोरी तिथं रोज जातात. ती म्हणजे मैदानाशेजारची कपडे बदलायची खोली.

आमच्याकडच्या एका शाळेत मुलींचा कबड्डीचा संघ आहे. शाळेचं नाव आम्ही घेत नाही, पोरींचीही नाही. खोली म्हणजे जुना वर्ग. खिडकीला चादर बांधलेली, दाराला आतून कडी नाही, म्हणून एक जण बाहेर उभी राहते. त्या संघात डाव्या कोपऱ्याला एक पोरगी खेळायची. अंगानं काटक, पकड अशी की समोरचीचा घोटा हातात आला तर सुटायचा नाही. पोरगी पारधी समाजातली. आई-वडील कधी ऊसतोडीला, कधी वीटभट्टीवर. संघातल्या सहा पोरींच्या आया आमच्याच गटांत आहेत. तिची आई कुठल्याच गटात नव्हती. का नव्हती, ते पुढं सांगतो.

तालुक्याच्या सामन्यात संघ हरला. हरण्याचं काही नाही, पण हरला कसा ते ऐका. कबड्डीत पकड करणाऱ्या दोघी-दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात. त्याला साखळी म्हणतात. चढाई करणारी आत शिरली की त्या साखळीनंच तिला अडवायचं असतं. डाव्या कोपऱ्यावरची साखळी मात्र दर वेळी तुटत होती. सरांना कळेना. शेवटी त्यांनी जवळ जाऊन पाहिलं, तर शेजारची पोरगी हिचा हात धरतच नव्हती. दोन बोटांनी टी-शर्टचं टोक धरायची. हिसका बसला की ते सुटायचं.

सरांनी विचारलं, तर दोघीही गप्प. चार दिवसांनी ती कोपऱ्याची पोरगी खेळायला यायची बंद झाली.

मग हळूहळू बाहेर आलं. खोलीत तिला "डांबर" म्हणायच्या. ती आत आली की "लाईट लावा गं, दिसंना झालं" म्हणून हसायच्या. तिच्या बाटलीतलं पाणी कुणी प्यायचं नाही, आणि तिला दुसऱ्या बाटलीला हात लावू द्यायच्या नाहीत. कुणाची क्लिप हरवली, कुणाचे दहा रुपये सापडेनात, की पहिलं दप्तर तिचं उघडायचं. एकदा दहा रुपये हरवले होते, ते जिचे होते तिच्याच बुटात सापडले. तेव्हा कुणी तिला "चुकलं आमचं" असं म्हटलं नाही. आणि हे सगळं पोरी कशाला म्हणत होत्या? चेष्टा.

आम्ही आयांनी तरी काय केलं? खरं सांगतो, पहिल्यांदा आम्हीही तेच म्हणालो. "खेळात चालतंच तेवढं. पोरीच त्या, आज भांडतील, उद्या एक होतील." एक जण म्हणाली, "तिनंही मन घट्ट करायला नको का?" आज त्या वाक्याची आम्हाला लाज वाटते. लाज का वाटली, त्याला दोन कारणं आहेत. एक कारण आपल्याच पुण्यातलं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. दुसरं आमच्या स्वयंपाकघरातलं.

आधी पुण्यातलं. बाळू पालवणकर हे नाव तुमच्यातल्या किती जणींनी ऐकलंय? आम्हीही ऐकलं नव्हतं. आमच्या एकीच्या मुलानं सांगितलं. बाळू चर्मकार समाजातले. १८९२ च्या सुमाराला ते पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्रिकेट क्लबात कामाला होते. पगार महिना चार रुपये. काम काय, तर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळ्या बांधायच्या, आणि साहेब लोकांना सरावाला चेंडू टाकायचे. तास न् तास ते गोलंदाजी करायचे, पण बॅट त्यांच्या हातात कुणी दिली नाही. चेंडू टाकणं कष्टाचं काम, ते गड्यानं करायचं. बॅटिंग साहेबानं करायची.

चेंडू टाकून टाकून बाळूंचा हात असा तयार झाला की पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला ते हवेसे वाटू लागले. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू पाहिजेतच. मग त्यांना संघात घेतलं. मैदानात ते सगळ्यांबरोबर खेळत. ते चेंडू टाकत, तोच चेंडू बाकीचे झेलत, तोच त्यांच्याकडं परत फेकत. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत, आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला त्यांचं ताट वेगळं, टेबल वेगळं. म्हणजे बायांनो, चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

पुढं बाळू मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळले. तिथं संघातले लोक त्यांच्याबरोबर जेवायला बसू लागले. १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघानं गोऱ्यांच्या संघाला हरवलं, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराज कप्तान होते. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. इंग्लंडमधल्या जाणकारांनी त्यांची वाखाणणी केली. एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना मिळालं नाही.

बाळूंचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही खेळाडू होते. चौघेही हिंदू संघाकडून खेळले. १९२० साली कप्तान निवडायची वेळ आली, तेव्हा विठ्ठल हे नामवंत फलंदाज असूनही त्यांना डावललं. या वेळी भाऊ गप्प बसले नाहीत. विठ्ठल आणि शिवराम दोघांनी मिळून सांगितलं, असा अपमान होणार असेल तर आम्ही खेळणार नाही, आणि ते सामन्यातून बाहेर पडले. गावभर चर्चा झाली, वर्तमानपत्रांत छापून आलं. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघानं ती स्पर्धा जिंकली. पुढं विठ्ठलनी स्वतःच्या खेळाच्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या.

ही गोष्ट आम्ही गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचली. सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्यातल्या एका आजी म्हणाल्या, "म्हणजे त्या माणसाला कपातून चहा मिळायला आधी शंभर गडी बाद करावे लागले? आणि बाकीच्यांना नुसतं जन्माला आल्यावर मिळाला?" आम्हाला जे सांगायचंय ते सगळं आजींच्या या एका प्रश्नात आलं. आपण म्हणतो, "पोरी, तू मेडल आण, मग सगळे गप्प बसतील." का म्हणून? माणसासारखं वागवलं जायला मेडल कशाला लागतं?

आणि मेडलनं तरी सगळे गप्प बसतात का? २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या मुलींच्या हॉकी संघात वंदना कटारिया होती. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिनं एका सामन्यात तीन गोल मारले. ऑलिम्पिकमध्ये असं करणारी ती पहिली भारतीय बाई. त्यानंतर उपांत्य सामना संघ हरला, तर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले आणि जातीवरून शिव्या दिल्या, अशी तक्रार घरच्यांनी पोलिसांत दिली. तेव्हा संघाची कप्तान राणी रामपाल उघडपणे बोलली, की हे लाजिरवाणं आहे, आम्ही सगळ्या देशासाठी खेळतो, जातीपातीचा विचार करत नाही. शिवी देणारे बाहेरचे होते, पण तिच्या बाजूनं तिची साखळी उभी राहिली. आमच्या पोरींच्या संघात नेमकं हेच घडलं नव्हतं.

आता दुसरं कारण, चेष्टेचं. वेस्ट इंडीजचा डॅरेन सॅमी हे नाव तुमच्या घरातल्या पोरांना विचारा. दोन वेळा ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकून देणारा कप्तान. तो आपल्याकडं आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघात खेळायचा. संघातले काही जण त्याला "काळू" म्हणून हाक मारायचे. त्याला अर्थ माहीत नव्हता. मजबूत घोडा असा काहीतरी अर्थ असेल, असं त्याला वाटायचं. सगळे हसायचे, तोही हसायचा. २०२० साली त्याला खरा अर्थ कळला आणि तो फार दुखावला. पुढं एका सहकाऱ्यानं त्याला समजावलं की आम्ही प्रेमानं म्हणायचो. सॅमीनं वाद वाढवला नाही. पण आम्ही तुम्हाला विचारतो, प्रेमाची हाक असेल तर तिचा अर्थ त्याला आधीच का सांगितला नव्हता?

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर म्हणून क्रिकेटचा जुना क्लब आहे. तिथं अझीम रफीक नावाचा खेळाडू होता, पाकिस्तानात जन्मलेला, लहानपणीच तिकडं गेलेला. ड्रेसिंग रूममध्ये त्याला त्याच्या देशावरून शिवीसारखं नाव पाडलेलं. सतत तेच. कुणी अडवायचं नाही. क्लबनं चौकशी केली, तर त्यातही तो शब्द मित्रामित्रांतली चेष्टा म्हणून सोडून दिल्याचं बाहेर आलं. मग २०२१ साली रफीकनं त्यांच्या संसदेच्या समितीपुढं बसून सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याला रडू आलं. क्लबच्या अध्यक्षांना जावं लागलं, जाहिरातदार निघून गेले, काही काळ तिथले आंतरराष्ट्रीय सामनेही थांबवले.

पण गोष्ट तिथं संपली नाही. थोड्याच दिवसांत उघड झालं, की रफीकनंही तरुणपणी ज्यू लोकांविषयी वाईटसाईट लिहिलं होतं. त्यानं ते नाकारलं नाही. माझं चुकलं, मला लाज वाटते, असं म्हणून माफी मागितली. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत एक जण म्हणाली, "म्हणजे ज्याला लागलं, त्यानंही दुसऱ्याला लावलं होतं." तेव्हा आम्ही एकमेकींकडं पाहिलं. कारण आम्हालाही कधी ना कधी लागलंय. कुणाला हुंड्यावरून, कुणाला पोरगा नाही म्हणून, कुणाला माहेरच्या जातीवरून. आणि तरी आम्हीही बोलतो.

इथून आमच्या स्वयंपाकघराची गोष्ट सुरू होते. जी पोरगी टी-शर्टचं टोक धरायची, तिची आई आमच्याच गटातली. आमच्यातलीच एक. तिनं लेकीला विचारलं, "का गं हात धरत नव्हतीस?" पोरगी म्हणाली, "तूच तर म्हणतेस, त्यांचं काही खरं नसतं. दारात आल्या की चपला मोज म्हणतेस." आई गप्पच झाली. तिनं ते बैठकीत सांगितलं, सगळ्यांसमोर, रडत. तिचं आम्हाला फार कौतुक वाटलं, कारण असं सांगायला काळीज लागतं. मग एकेक जण बोलू लागली. कुणी म्हणाली, माझ्या घरी काळी सून नको म्हणून स्थळ मोडलं. कुणी म्हणाली, मी नातीला दुधात हळद कालवून चोळते आणि म्हणते, उन्हात जाऊ नको, डांबर होशील. तो शब्द खोलीत जन्माला आला नव्हता, बायांनो. तो आमच्या डब्यातून भाकरीबरोबर शाळेत गेला होता.

दरवर्षी तुकोबांची पालखी आपल्या दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, वरवंडला मुक्काम. आपण पिठलं-भाकरी घेऊन रस्त्यावर उभ्या राहतो, सावळ्या विठ्ठलासाठी डोळ्यांत पाणी आणतो. आणि घरी येऊन सावळ्या पोरीला पावडर लावायला सांगतो. विठ्ठलाला चालतं ते पोरीला का चालत नाही?

आणि "चोर" हा शब्द. तो कुठून आला, तेही आम्ही शोधलं. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पुढं त्या याद्यांत पारधीही आले. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर शिक्का. पोलिसांत हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का सरकारनं पुसला. सरकारनं पुसला, आपण नाही पुसला. आपल्या मनातली यादी अजून तशीच आहे. म्हणून क्लिप हरवली की दप्तर तिचं उघडतं. आणि म्हणूनच तिची आई आमच्या गटात नव्हती. आम्ही कधी बोलावलंच नव्हतं. "त्या आज इथं, उद्या तिथं, हप्ता कसा भरणार" असं आपणच ठरवून टाकलं होतं.

मग आम्ही काय केलं, ते सांगतो. फार मोठं काही नाही, पण तुमच्या गावात जमण्यासारखं आहे.

पहिलं, शाळेत आम्ही पाच जणी एकदम गेलो. एकटीनं गेलं की "तुमची पोरगीच हळवी" असं ऐकावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीत आमच्यातल्या दोघी होत्याच, त्यांनी विषय मांडला. कपडे बदलायच्या वेळी एक बाई दाराशी असतील असं ठरलं. दाराला आतून कडी बसवली. कुणाचं काही हरवलं तर शोधायचं बाईंनी, पोरींनी एकमेकींची दप्तरं उघडायची नाहीत.

दुसरं, सरांशी बोललो. सर भले आहेत, पण तेही मैदानावर "ए म्हशी, पळ की" असं ओरडायचे. आम्ही म्हणालो, सर, तुम्ही म्हैस म्हणता, मग पोरी डांबर म्हणतात. सर क्षणभर रागावले, मग हसले, आणि मग त्यांनी मान डोलावली. आता ते पोरींना नावानं हाक मारतात.

तिसरं, पोरींना आम्ही एकच गोष्ट सांगितली. जिला बोललं जातंय, तिनं भांडावं अशी अपेक्षा धरू नका. ती एकटी असते. जी तिच्या शेजारी बसलीय, तिनं बोलायचं. "ए, असं नाही म्हणायचं" एवढं पुरे. हसायचं नाही, हे तर कुणालाही जमतं. सात जणींतल्या तिघी हसल्या नाहीत, तर चौथीचं हसू आपोआप विरतं.

चौथं, आयांनी लक्ष ठेवायचं. पोरगी खेळाचे कपडे घरूनच घालून जायला लागली, सरावाच्या दिवशी पोट दुखतं म्हणायला लागली, बाटली भरलेली परत आणायला लागली, तर समजा काहीतरी आहे. रागवू नका. "तुला कोण काय म्हणतं?" असं थेट विचारलं तर ती सांगणार नाही. "खोलीत तू कुणाशेजारी बसतेस?" असं विचारा. त्या उत्तरात सगळं कळतं.

पाचवं, गोष्ट हाताबाहेर गेली तर कुठं जायचं, हे माहीत हवं. कोण, कधी, काय बोललं, ते तारखेसकट वहीत लिहून ठेवा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा कुणी बाहेरच्यानं चारचौघांत जातीवरून मुद्दाम अपमान केला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. हे आम्ही पोरींना घाबरवायला सांगत नाही. पोरी शिकतात, चुकतात, सुधारतात. मोठ्या माणसांनी मात्र "चेष्टा केली" म्हणून सुटू नये.

तुम्ही म्हणाल, मग ती पोरगी परत आली का? नाही आली. आम्ही पाच जणी तिच्या घरी गेलो, चहा प्यालो, चूक कबूल केली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, माझं मन उडालं." पहाटे ती एकटीच रस्त्यानं पळते. पोलीस भरतीची तयारी करते. तिला आम्ही आग्रह केला नाही. माफी मागितली म्हणून समोरच्यानं लगेच सगळं विसरलंच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?

पण तिची धाकटी बहीण या जूनपासून संघात आलीय. आणि तिची आई आमच्या गटात. हप्ता अजून एकदाही चुकलेला नाही, उलट आमच्यातल्याच दोघींचा चुकला.

मागच्या शनिवारी आम्ही मैदानावर गेलो होतो. डाव्या कोपऱ्याला ती धाकटी उभी होती. शेजारी तीच, टी-शर्टचं टोक धरणारी. त्या दोघी मैत्रिणी झाल्यात असं आम्ही म्हणणार नाही. फारसं बोलत नाहीत. पण चढाईवाली आत आली, तेव्हा आम्ही नीट पाहिलं. हात धरलेला होता, मनगटापासून घट्ट.

तुमच्या गावच्या मैदानावर एकदा जाऊन बघा. आपल्या पोरीनं कुणाचा हात धरलाय, आणि कुणाचा नाही, ते बघा. आणि संध्याकाळी भाकरी थापताना, आपण काय बोलतो, तेही ऐका.

राम राम, जय भीम, सलाम. पुढच्या वेळी भेटू.